शिस्त, नेम आणि कोळ्याचा धागा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात ‘शिस्त’ हा शब्द दिवसातून चारदा तरी ऐकू यायचा. चपला जागेवर नाहीत, शिस्त नाही. जेवून ताट तसंच ठेवलं, शिस्त नाही. आणि शनिवारी एनसीसीच्या परेडला गेलं की तोच शब्द उस्तादजींच्या तोंडून हिंदीत यायचा. पॉइंट टू टू रायफल घेऊन आम्ही पोटावर आडवे, समोर लाकडी चौकटीला चिकटवलेला कागद, आणि हुकूम सुटायचा, ‘शिस्त ले!’ पहिल्या दिवशी मी पाय जुळवून, हात अंगालगत ताठ करून पडून राहिलो. शेजारचा छत्तीसगढी पोरगा खुसखुसला. उस्तादजींनी कमरेत काठी टोचली आणि सांगितलं, शिस्त म्हणजे निशाणा, बेटा, निशाणा.

घरी येऊन सांगितलं तर आजोबा हसले नाहीत. म्हणाले, तो बरोबर आहे, आपणच नंतर बदललो. जुन्या मराठीत बंदूक रोखून धरणं म्हणजे शिस्त धरणं. शब्द फारसी. ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालतो ती कडी, मासे धरायचा गळ, आणि त्यावरून नेम. उत्तरेकडे तो अर्थ टिकला, आमच्याकडे तो बंदुकीवरून उतरून चपलांच्या रांगेपर्यंत आला. मजा अशी की ‘नेम’ या आपल्या दुसऱ्या शब्दाने उलटा प्रवास केला. तो संस्कृत ‘नियम’. आधी व्रत, मग ठरलेली गोष्ट, मग ठरवून मारलेली गोळी. म्हणजे एक शब्द नियमापासून निघून निशाण्यावर पोचला, दुसरा निशाण्यापासून निघून नियमावर. तिसरा ‘वेध’. त्याचा मूळ अर्थ भोसकणं. पण ताऱ्याचाही वेध घेतात आणि हरणाचाही. वेधशाळा म्हणताना आपल्याला तीर आठवत नाही इतकंच.

हा तिसरा शब्द मला इथे फार कामाचा आहे. कारण बंदुकीच्या दुर्बिणीत दिसणारी ती फुली, जिला आता सगळे रेटिकल म्हणतात, ती बंदुकीसाठी जन्मलीच नव्हती. ती ताऱ्यांसाठी जन्मली. लॅटिन ‘रेटिक्युलम’ म्हणजे लहानसं जाळं. डोळ्यातल्या पडद्याचं ‘रेटिना’ हे नावही त्याच घराण्यातलं. आणि या जाळ्याच्या पहिल्या आठवणीतच एक कोळी आहे.

इंग्लंडात यॉर्कशरमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक हौशी खगोलनिरीक्षक होता. १६४० च्या आसपास दोन बहिर्गोल भिंगं घेऊन तो सूर्याशी प्रयोग करत होता. नळकांडं उघडं राहिलेलं, आत कोळ्याने धागा ताणलेला. गॅस्कॉइनने डोळा लावला तर आकाशाबरोबर तो धागाही लख्ख दिसला. ही हकिगत त्यानेच गणिती विल्यम ऑट्रेडला पत्रातून कळवली. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हे कधीच घडलं नसतं. तिचं डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल, त्यामुळे नळीच्या आत खरी प्रतिमा पडतच नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगं बहिर्गोल घ्यायची युक्ती सांगितली, तेव्हा नळीच्या आत एक जागा अशी तयार झाली जिथे दूरचा तारा जणू कागदावर उतरावा तसा हवेत उतरतो. त्या नेमक्या जागी जे ठेवाल ते ताऱ्याइतकंच स्पष्ट दिसतं. कोळ्याने धागा तिथेच ओढला होता. दोन बोटं पुढे किंवा मागे ओढला असता तर गॅस्कॉइनने जळमट म्हणून फुंकून टाकला असता.

त्याने मात्र त्यावरून मायक्रोमीटर बनवला, कोन मोजायच्या यंत्रावर दुर्बीण बसवली, आणि १६४४ च्या २ जुलैला मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना मेला. काही छापलं नाही. दोन दशकांनी पॅरिसवाल्यांनी असंच यंत्र आपलं म्हणून पुढे केलं, तेव्हा रिचर्ड टाउनलीने गॅस्कॉइनचं यंत्र रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

ही फुली सगळ्यांना पटली असंही नाही. डान्झिगचा हेवेलियस म्हणायचा, वेध घ्यायचा तर नुसत्या डोळ्याने, भिंगावर माझा भरवसा नाही. रॉबर्ट हूकने त्याच्यावर कडाडून टीका केली. १६७९ मध्ये तरुण हॅली डान्झिगला गेला आणि म्हाताऱ्याची मापं पाहून चाट पडला, इतकी ती अचूक होती. आपल्याकडे सवाई जयसिंगाने दिल्ली-जयपूर-उज्जैनला वेधशाळा बांधल्या त्याही चुना-दगडाच्या, नुसत्या डोळ्याच्या. वाद हूकच्या बाजूने सुटला, पण हेवेलियसची शंका अगदीच खुळी नव्हती.

कारण रेषेचा एक जन्मजात दोष आहे. जाड काढली तर ती ताऱ्यालाच झाकते. बारीक काढली तर अंधारात ती स्वतःच दिसत नाही. पुढची दोन-अडीचशे वर्षं या एका दुखण्यावर औषध शोधण्यात गेली. केस जाड पडला. रेशीम तुसाळ निघालं. मग १७७५ मध्ये इटलीच्या फाँटानाने कोळ्याचा धागा सुचवला, १७८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउसने तो वापरला. १८१३ मध्ये वुलस्टनने तर कमालच केली. प्लॅटिनमची तार चांदीत मढवून दोन्ही मिळून ओढत ओढत बारीक केली आणि नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून टाकली. आत उरली ती डोळ्याला जेमतेम दिसणारी प्लॅटिनमची रेघ. तरीही विसाव्या शतकापर्यंत मोजणीच्या यंत्रांत कोळीच जिंकत राहिला. धागा लवचीक, एकसारखा, आणि फुकट.

हे सगळं मला पुस्तकातून नंतर कळलं. आधी कळलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला. आमच्या वाट्याला आलेली डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, जुनी. तिच्यातून स्टाफ, म्हणजे समोर धरलेली आकड्यांची पट्टी, उलटा दिसायचा. खालचे आकडे वर. दोन आठवड्यांत त्याची सवय होते आणि मग सरळ दिसणारं यंत्रच चुकीचं वाटतं. पावसाळी दमट हवा होती, काच धुरकट वाटली, म्हणून मी शहाणपणा केला. आयपीस काढला, फुली ज्या कड्यावर ताणलेली असते त्या डायफ्रॅमपर्यंत पोचलो आणि रुमालाचं टोक आत फिरवलं. परत डोळा लावला तर स्टाफ स्वच्छ, आणि फुलीचा पत्ता नाही. लॅबचे म्हातारे सहायक काही ओरडले नाहीत. त्यांनी कपाटातून एक दुबेळकं काढलं, त्यावर कोळ्याचा धागा गुंडाळलेला. पितळी कड्यावर पूर्वी कोरलेल्या बारीक खाचा होत्या. त्यांवर धागा ताणून धरला, दोन्ही टोकांना लाखेचा एकेक ठिपका, आणि खाली लोंबणारं धाग्याचं टोक ब्लेडने उडवलं. अर्धा तास ते श्वास रोखून होते. मग मला म्हणाले, ‘भैया, अब हाथ जेब में।’

अशाच धाग्यांपायी मराठी माणसाने एक गाव लक्षात ठेवावं, हिंगणघाट. भारताची महामोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला तिथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्धा टन वजनाचा, तीन फुटी चक्राचा. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेला आणि त्यांनी तो अदबीने परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र आपटलं, आणि लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ठोकून ठोकून ते चक्र पुन्हा गोल केलं. त्या वेळी नागपूर भोसल्यांचं होतं, रायपूर आणि सगळा छत्तीसगडही त्याच राज्यात. आमच्यासारखी मराठी कुटुंबं इथे आहेत आणि चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, त्याचं मूळ त्या काळात जातं. हे विषयांतर झालं खरं, पण हिंगणघाटच्या त्या कबरीत झोपलेला माणूस उभा जन्म दोन धाग्यांच्या छेदाकडे बघत होता, आणि ते आपल्या अंगणात घडलं.

डम्पी लेव्हलच्या फुलीत मधल्या आडव्या रेषेच्या वर-खाली आणखी दोन आखूड रेषा असतात. स्टेडिया. त्या दोन रेषांमध्ये स्टाफचा जेवढा भाग दिसेल त्याला शंभराने गुणा, अंतर हाती येतं. १.२८ मीटर दिसला तर स्टाफ १२८ मीटरवर. जेम्स वॉटने १७७० च्या दशकात स्कॉटलंडच्या कालव्यांच्या मोजणीत ही युक्ती वापरली होती. आज बंदुकीच्या दुर्बिणीत ठिपक्यांची जी माळ दिसते, मिल-डॉट, ती याच घरची. मिल म्हणजे हजारात एक. १०० मीटरवर १० सेंटिमीटर. अर्धा मीटर उंचीची पाटी अडीच मिल भरली की ती २०० मीटरवर आहे. स्टेडियाच्या दोन रेषांमधलं अंतर बरोबर दहा मिल. अमेरिकी मरीन नेमबाजांकडे मिल-डॉट आलं १९७० च्या दशकाअखेरीस.

बंदुकीवर फुली बसली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. जॉन चॅपमनने १८४८ च्या पुस्तकात वर्णन केलेल्या अमेरिकी दुर्बिणी बंदुकीच्या नळीइतक्याच लांब होत्या. पण तिथे एक नवी अडचण उभी राहिली. तारा उलटा दिसला तर बिघडत नाही, स्टाफ उलटा दिसला तर सवय होते. पळतं सावज उलटं दिसून चालत नाही. म्हणून प्रतिमा सुलटी करणारी आणखी भिंगं आत घालावी लागली. झालं असं की, एका जागेऐवजी दोन जागा तयार झाल्या जिथे फुली ठेवता येते: सुलटी होण्याआधी आणि सुलटी झाल्यावर. पुढे प्रतिमा कमी-जास्त पट मोठी करायचं, म्हणजे दुर्बिणीची ताकद बदलायचं कामही याच मधल्या भिंगांकडे आलं, आणि आजच्या गिऱ्हाइकाला दुकानात जो पहिला प्रश्न विचारतात, ‘फर्स्ट की सेकंड?’, त्याचा उगम इथे आहे. फुली पहिल्या जागी असेल तर चित्राबरोबर ती वाढते नि आक्रसते, ठिपक्यांचं माप कुठल्याही ताकदीला खरं राहतं. दुसऱ्या जागी असेल तर ती जशीच्या तशी दिसते, पण माप फक्त एकाच ठरावीक ताकदीला खरं.

जर्मन शिकाऱ्यांनी जाड-बारीकचं भांडण आपल्या परीने मिटवलं. संध्याकाळच्या उजेडात रानडुक्कर मारायचं म्हणून त्यांनी बाजूने आणि खालून जाड खुंटे घेतले. क्रमांक चारच्या नमुन्यात खुंट्यांच्या पुढे मधोमध बारीक फुली ठेवली. अमेरिकेत ल्यूपोल्डने १९६२ मध्ये चारही बाजूंनी जाड, मध्ये बारीक अशी ‘ड्युप्लेक्स’ आणली. डोळा जाड रेषांवरून आपसूक घसरत मध्यावर येतो. माझ्या मते गॅस्कॉइनच्या कोळ्यानंतर इतकी साधी आणि इतकी कामाची कल्पना या घराण्यात दुसरी झाली नाही.

कमी ताकदीच्या दुर्बिणीत, म्हणजे एकपट ते चारपट, सहापट, आठपट, हे जुनं दुखणं पुन्हा उफाळतं. एकपटीला माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन बघतो. त्याला जाड, उठून दिसणारी खूण हवी. सहापटीला तोच माणूस सावकाश मोजतो. त्याला बारीक आणि आखणी केलेली हवी. पहिल्या जागेतली फुली एकपटीला एवढी आक्रसते की आखणीचा नुसता डाग उरतो. म्हणून कारखानदार तिच्याभोवती जाड कडं किंवा घोड्याची नाल काढतात, म्हणजे आक्रसल्यावर ती नालच ठिपक्यासारखी वापरता येते. मला विचाराल तर दोनशे मीटरच्या आत काम असेल तर दुसऱ्या जागेतली साधी जाड-बारीक फुली, मध्ये उजळणारा ठिपका, बस. अंतर मोजायचं असेल तरच पहिली जागा आणि आखणी. एका काचेत ख्रिसमसच्या झाडासारखी भरगच्च आखणी काढून देणाऱ्या जाहिराती मला डम्पी लेव्हलवर रुमाल फिरवणाऱ्या पोरासारख्या वाटतात.

अर्थात हा सल्ला आपल्याकडे कोणाला द्यायचा? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर कायदेशीर शिकार संपत गेली. आणि आपले नामांकित नेमबाज तर दुर्बीण वापरतच नाहीत. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं ते भिंगाशिवाय. मागे बारीक भोक, पुढे कडं, कड्यात निशाण्याचा काळा गोल, भोवती पांढरी कडा. कडा सगळीकडून सारखी दिसली की घोडा. त्या गोलातला दहा गुणांचा भाग १०.४ मिलिमीटरचा. गोलात गोल बसवताना डोळा इतका काटेकोर होतो की रेषा लागतच नाही. हेवेलियस खूश झाला असता.

मोजणीच्या आजच्या टोटल स्टेशन यंत्रात फुली काचेवर कोरलेली असते, तिला रुमालाचं भय नाही. पण जुन्या मध्य प्रांतातल्या बांधकाम खात्यांत, ओव्हरसियर आजोबांच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात पितळी लेव्हल अजून सापडतात. तुम्हाला सापडली तर बाहेरून पितळ हवं तितकं घासा. आत मात्र डायफ्रॅमला फडकं लावू नका. जी धूळ वाटते, ती कदाचित फुली असेल.