एकच काटा, दोन अर्थ: एक्स-१५चं शेवटचं वळण

आजची गोष्ट १५ नोव्हेंबर १९६७ची. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यावर साधारण १३.७ किलोमीटर उंचीवरून एका बी-५२ विमानाने पंखाखाली टांगलेलं एक्स-१५ सोडलं. आत होता मायकेल ॲडम्स. या विमानातलं त्याचं हे सातवं उड्डाण.

एक्स-१५ म्हणजे रॉकेट बसवलेलं विमान. इंजिन जेमतेम दीड मिनिट जळायचं. उरलेली चढण मिळालेल्या वेगावर. आता बघा, विमान सरळ राहतं ते पंख-शेपटीवरून वाहणाऱ्या हवेमुळे. वर हवाच विरळ, म्हणजे शेपूट नावापुरती. तिथे नाक वळवायला हायड्रोजन पेरॉक्साइडचे छोटे झोत होते. या विमानातली एमएच-९६ नावाची यंत्रणा हवेप्रमाणे नियंत्रणाचा जोर आपोआप कमी-जास्त करायची. एका ओळीचंही सॉफ्टवेअर नाही, सगळी ॲनालॉग सर्किट्स! कोड लिहून पोट भरणाऱ्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

चढतानाच विजेच्या यंत्रणेत गडबड झाली. नियंत्रण थोडं ढिलं पडलं, ॲडम्सचं लक्षही विचलित झालं. पर्यायी व्यवस्था होती, म्हणून तो पुढे गेला. एका प्रयोगासाठी त्याच्यासमोरचा एक काटा दुसऱ्या मोडवर टाकलेला होता. एरवी हा काटा नाक किती बाजूला सरकलंय ते दाखवायचा. आता दाखवत होता पंख किती कलले ते. काटा तोच, जागा तीच. ॲडम्सने तो जुन्या अर्थाने वाचला आणि सरळ करायला म्हणून नाक आणखी वळवत नेलं.

८१ किलोमीटरच्या शिखरावर नाक १५ अंश भरकटलं होतं. खालच्या नियंत्रण कक्षात दिशा दाखवणारं यंत्रच नव्हतं, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. उतरताना विमान आडवं झालं आणि ७० किलोमीटरवर, ध्वनीच्या पाचपट वेगात, गरगर फिरू लागलं. त्याने रेडिओवर तसं सांगितलंही.

कमाल म्हणजे ३६ किलोमीटरवर गरगरणं थांबलं. पण विमान उलटं, सूर मारत खाली येत होतं. हवा दाट होत होती आणि एमएच-९६ने वाढवलेला जोर कमी केलाच नाही. विमान वरखाली हेलकावे खाऊ लागलं, भार १५ जीवर गेला आणि ते हवेतच फुटलं. ॲडम्स वाचला नाही.

चौकशीत काट्याचा चुकीचा अर्थ, विचलित लक्ष आणि बहुधा भोवळ, ही कारणं पुढे आली. त्यानंतर नियंत्रण कक्षात दिशा दाखवणारं यंत्र बसवलं. ॲडम्सला मरणोत्तर अंतराळवीराचा बिल्ला मिळाला.

आमच्या कामातही एकदा स्क्रीनवरचा एकच आकडा मोडनुसार दोन गोष्टी सांगायचा. माझ्या एका सहकाऱ्याने चुकीच्या अर्थाने वाचून चालू सर्व्हर बंद केला. आम्ही 'नीट बघायला हवं होतं' म्हणून त्यालाच बोललो. ॲडम्सबद्दल वाचल्यावर ते आठवून लाज वाटली. तो स्क्रीन मीच बनवला होता.

विमान स्थिर ठेवायला शेपूट लागते, झोत लागतात. पण आत्ता समोर काय दिसतंय, यावर माणूस आणि यंत्र यांचं एकमतही लागतं. भेटू पुढच्या भागात!