उत्तराची जागा

मध्यंतरी संज्ञापन विद्येचा एक विद्यार्थी आमच्या विभागात आला होता. बदलती माध्यमे आणि राजकीय वादचर्चा हा त्याच्या प्रबंधिकेचा विषय. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : छापील वृत्तपत्र म्हणजे एकतर्फी बोलणे, जालावरील अनुदिनीपासून सामान्य माणसाला प्रथमच आवाज मिळाला, मात्र संपादक मधून निघून गेल्यामुळे वादाची भाषा घसरली. प्रस्तावनेत जुन्या मराठी नियतकालिकांवर दोन परिच्छेद त्याला हवे होते. आम्ही त्याला ‘दर्पण’ची तारीख सांगितली आणि शिक्षकी सवयीने पुढे एक वाक्य जोडले, की पूर्वीचे वाद कसे अभ्यासपूर्ण आणि संयमी असत! तो समाधानाने गेला. आम्ही मात्र अस्वस्थ राहिलो, कारण ते वाक्य खरे नव्हते, आणि ते आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

प्रथम ‘एकतर्फी’ या शब्दाविषयी. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारशेजारच्या स्तंभांत. राज्यकर्ता आणि प्रजा यांनी एकाच पानावर यावे, ही त्या मांडणीमागची अपेक्षा. म्हणजे संवादाची कल्पना मराठी वृत्तपत्राच्या जन्मापासूनच त्याच्या रचनेत होती. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुखांची शंभराहून अधिक पत्रे ‘लोकहितवादी’ या नावाने प्रसिद्ध झाली. लेखक सरकारी नोकर. टीका स्वजातीवर, भिक्षुकशाहीवर, आळसावर. टोपणनावाची ढाल, पत्राचा घरगुती बाज, ठरावीक अंतराने येणारे छोटे लेखन आणि वाचकाला थेट केलेले संबोधन, हे गुण आजच्या माध्यमाचे म्हणून त्या विद्यार्थ्याने नोंदवले होते. ते सर्व शतपत्रांत आढळतात.

संपादकाविना लेखन हीही नवी गोष्ट नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. तीत लेखक, संपादक आणि न्यायाधीश बहुतांशी एकच होता. मराठी गद्याला तिने जे वळण दिले त्याचे ऋण आम्ही मान्य करतो. परंतु संयमाचा दाखला म्हणून मालेकडे बोट दाखवता येत नाही. लोकहितवादींवरील तिची टीका उपहासाने भरलेली आहे. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांचा समाचार घेताना तर शास्त्रीबोवांनी आशयापेक्षा व्याकरणाची थट्टा अधिक केली. ज्याचे म्हणणे खोडता येत नाही त्याचे शुद्धलेखन तपासावे, ही युक्ती आज पडद्यावर रोज दिसते. तिचे शिक्षण आम्हीच दिले आहे, कारण पाठ्यपुस्तकात आम्ही माला ठेवली. जोतीरावांची बाजू पुष्कळ काळ ठेवली नाही.

मग जोतीरावांनी उत्तर कोठे द्यायचे? प्रश्न येथे सुरू होतो. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. ‘शेतकऱ्याचा असूड’चे आरंभीचे दोन भाग त्यात आले आणि पुढचे छापणे थांबले. स्वपक्षाचे पत्र झाले म्हणून ते निर्भय असतेच असे नाही, हा धडा जोतीरावांना मिळाला. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक स्वतःच काढले. दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या १८८२ च्या पुस्तकाची पाठराखण केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीची जी नालस्ती चालली होती, तिला ताराबाईंनी दिलेले ते प्रत्युत्तर. वृत्तपत्रातील मजकुराला वृत्तपत्रातच उत्तर द्यावे, ही वाट त्यांना मोकळी नव्हती. म्हणून त्या उत्तराचे पुस्तक झाले. पुस्तकाला ना पुढचा अंक, ना पत्रव्यवहाराचे सदर. ते विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये नव्वदांहून अधिक वर्षे गेली. या अवधीत मराठी निबंधाचे जे इतिहास शिकवले गेले, त्यांत मराठीतील अत्यंत जळजळीत निबंधांपैकी एक नव्हताच.

आता ज्यांना जागा होती त्यांच्याकडे पाहू. ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर मतभेदांमुळे बाहेर पडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींची संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. त्या वेळी पुण्यात जे वादळ उठले त्यात सभा उधळल्या गेल्या, व्यक्तिगत निंदेला पारावार राहिला नाही. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली होती. संपादक होते, छापखाना होता, विद्वत्ता होती. तरी भाषा घसरायची तेव्हा घसरलीच.

तथापि त्या वादात एक गुण होता आणि आमच्या चुकीच्या वाक्यात तेवढाच सत्याचा अंश होता. ‘केसरी’चा वाचक ‘सुधारक’ही वाचत होता, निदान त्यात काय आले आहे हे त्याला ठाऊक होते. डॉ. भांडारकरांनी धर्मशास्त्राची वचने पुढे केली की टिळकांना तीच वचने घेऊन उलटतपासणी करावी लागे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडल्यावाचून खंडन होत नसे. जुन्या शास्त्रचर्चेतील पूर्वपक्षाची शिस्त वृत्तपत्रांच्या रकान्यांत उतरली होती ती अशी. शिवी होती, पण शिवीपूर्वी प्रतिपक्षाचा मुद्दा वाचकांपुढे ठेवला जात होता.

या शिस्तीला मात्र कुंपण होते. बहुतांशी एकाच शहरातील, एकाच शिक्षणातून आलेल्या लोकांत ती चाले. कुंपणाबाहेरच्याचे काय होई, हे १९२० साली दिसले. ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने आणि शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ सुरू झाला. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. लेख नाकारणे हा संपादकाचा अधिकार म्हणता येईल. येथे तर नवे पत्र निघाले आहे हेसुद्धा वाचकाला कळू द्यायचे नव्हते. १९२७ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले तेव्हा अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागले. एकहाती लेखन चिपळूणकरांचेही होते. पण शास्त्रीबोवांना सभोवार तयार वाचकवर्ग होता. बाबासाहेबांना ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षरओळखच नाकारली गेली होती. माध्यम एकच असले तरी त्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही, हे संज्ञापनाच्या विद्यार्थ्याने अवश्य टिपून ठेवावे.

जालाने मोडले ते हे कुंपण. छापखाना, कागद, जाहिरात, संपादकाची मर्जी यांवाचून लिहिता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. ताराबाईंना आज पुस्तक छापण्याची वाट पाहावी लागली नसती. परंतु त्याबरोबर दोन गोष्टी झाल्या. एक, सत्तेचा हातही लेखकाच्या घरापर्यंत थेट पोहोचला. टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले, तेव्हा आरोपी एक नामांकित संपादक होता. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली ती मुंबईच्या बंदविषयीच्या फेसबुकवरील काही शब्दांवरून. एकीने ते लिहिले होते, दुसरीने केवळ पसंती दर्शवली होती. त्या अटकेवरून पुढे आलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. दोन, कुंपण मोडताना पूर्वपक्षाची शिस्तही मोडली. आज प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते बहुधा त्याची टर उडवणाऱ्याकडून, तोडून आणि वाकवून. लिहिण्याची जागा सर्वांना मिळाली. उत्तर ऐकले जाईल अशी जागा मात्र आक्रसली.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आम्ही आता असे सांगू : भाषा घसरली म्हणून शोक करू नकोस, ती पूर्वीही घसरत होती. आवाज प्रथमच मिळाला असेही म्हणू नकोस. बोलणारे होते, त्यांना जागा नव्हती. कोणत्याही माध्यमाला एकच प्रश्न विचार, की येथे ज्याच्यावर टीका झाली त्याचे उत्तर त्याच वाचकांपर्यंत पोहोचते काय?

आणि हा प्रश्न आम्ही आमच्या वर्गालाही लावतो आहोत. अभ्यासक्रम हेही एक माध्यम आहे. त्यात निबंधमालेतील टीका वाचायला देऊन जोतीरावांचे उत्तर न देणे म्हणजे जाहिरात नाकारण्याचाच प्रकार होय. यंदापासून आम्ही ही दोन्ही पाने एकाच तासाला वाचणार आहोत. विद्यार्थी त्यांत व्याकरणाच्या चुका शोधतील तर शोधोत. त्यानंतर मुद्दा कोणाचा खरा, हे मात्र त्यांना सांगावे लागेल.