दाखल्याची कुळकथा

मृगाचा पाऊस होऊन वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या काळ्या रानांत सरकीची टोबणी सुरू झाली, की गावातील तहसील कचेरीच्या आवारात दुसरीच एक लगबग सुरू होते. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो. वर्ध्याच्या, सेवाग्रामच्या किंवा थेट नागपूरच्या महाविद्यालयाची मुदत डोक्यावर असते. आणि शेतीच्या ऐन कामातून एक दिवस मोडून आईबाप मुलामुलींसह रांगेत उभे असतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि या सर्वांच्या आधी शाळा सोडल्याचा दाखला! विद्यापीठ नावाच्या संस्थेशी देवळीकरांचा जो पहिला परिचय होतो, तो तिच्या ग्रंथालयाशी नव्हे अथवा तिच्या अध्यापकांशीही नव्हे, तर या एका शब्दाशी होतो. म्हणून त्याच्या कुळाची चौकशी करणे मला अगत्याचे वाटते.

‘दाखला’ हा शब्द मुळात अरबी. आत शिरणे हा त्याच्या धातूचा अर्थ. फारसीच्या वाटेने, दरबारी दप्तरांतून आणि कारकुनांच्या लेखणीतून तो मराठीत आला आणि येथे त्याचा मोठा वंशविस्तार झाला. मनुष्य गावात दाखल होतो, सरकार एखाद्या गोष्टीची दखल घेते, वक्ता आपल्या म्हणण्यास दाखला देतो. या सर्व शब्दांचे रक्त एकच. शाळा ‘सोडल्याच्या’ कागदालाही आपण आत शिरण्याचाच शब्द लावतो, यात मला लोकभाषेचे शहाणपण दिसते. कारण एका दारातून बाहेर पडल्याची खूण दुसऱ्या दारातून आत जाण्यासाठीच तर हवी असते.

लेखी कागदाने हक्क सिद्ध होतो, ही कल्पना देवळीच्या मातीला काही इंग्रजी अमलाने शिकविलेली नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२चा, म्हणजे इसवी सन ९४०चा, ताम्रपट याच देवळीत सापडला. आपला बंधू जगत्तुंग याच्या पुण्यार्थ राजाने एक गाव दान दिले, त्याची ती सनद होय. आणि ते गाव ज्या विषयात, म्हणजे प्रांतविभागात, होते त्याचे नाव ‘नागपुर-नंदिवर्धन’ असे कोरलेले आहे. नागपूर या नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख तो हाच. ज्या नागपुराच्या विद्यापीठात नाव नोंदविण्यासाठी देवळीची मुले धडपडतात, त्या नागपुराचे नाव प्रथम देवळीच्या तांब्यावर वाचावयास मिळावे, हा योग मला फार हृद्य वाटतो. त्याहून हृद्य असे, की हा ताम्रपट संपादून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला तो रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी, आणि मुंबई विद्यापीठाने १८५९ साली जी पहिली प्रवेशपरीक्षा घेतली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानड्यांबरोबर हेच भांडारकर होते.

त्या परीक्षेचे नाव मॅट्रिक्युलेशन. आपल्या आजोबांच्या पिढीने ते ‘मॅट्रिक’ असे सुटसुटीत करून घेतले आणि ‘मॅट्रिक पास’ ही एक प्रतिष्ठेची पायरी मानली. लॅटिन भाषेत ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे नावांची नोंदवही. त्या वहीत नाव चढले की मनुष्य मॅट्रिक झाला. विद्यापीठाला युरोपात जे नाव मिळाले, त्याचाही मूळ अर्थ विद्येशी निगडित नसून ‘एकत्र जमलेला संघ’ असा आहे. आणि इटलीतील बोलोन्या येथे मध्ययुगात हा संघ विद्यार्थ्यांचा होता. परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांनी संघ करावा, आपला प्रमुख आपणच निवडावा आणि अध्यापकांनी त्या संघाचे नियम पाळावेत, अशी तेथील रीत होती. पॅरिसमध्ये हाच अधिकार अध्यापकांच्या संघाकडे होता. परंतु जो संघाचा सभासद त्याचा कारभारात वाटा, हे तत्त्व दोहोंकडे समान होते. प्रवेशाचा नियम आणि कारभाराचा नियम ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे या कुळकथेचे मर्म होय. आणि आपल्या देशात या भावंडांची ताटातूट कशी झाली व ती पुन्हा कशी भेटू लागली, हेच मला सांगावयाचे आहे.

प्राचीन काळी आपल्याकडे दाराचा मान फार मोठा होता. नालंदेच्या महाविहारात प्रवेश मागणाऱ्यास दारावरच पंडितांशी वाद करावा लागे, आणि दहांतील सात-आठ जण तेथूनच परत फिरत, असे चिनी यात्री ह्युएन त्संगने नमूद केले आहे. तेथे कागद नव्हता. परीक्षा समोरासमोर होती.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांचा कित्ता मात्र बोलोन्याचा नव्हता व नालंदेचाही नव्हता. तो लंडन विद्यापीठाचा होता. १८५४च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने तसे ठरवूनच दिले होते. ही विद्यापीठे शिकवीत नसत. ती परीक्षा घेत आणि पदव्या देत. कुलपती म्हणून गव्हर्नर किंवा गव्हर्नर-जनरल, त्याच्या हाताखाली व्हाइस-चॅन्सलर, आणि भोवती सरकारने तहहयात नेमलेले फेलो, म्हणजे सभासद. असा सिनेट या कारभारी सभेचा थाट होता. ज्याने परीक्षा दिली, फी भरली, वहीत नाव चढविले, त्या विद्यार्थ्याला वा पदवीधराला त्या वहीवर अधिकार म्हणून काही नव्हता. मुंबईच्या व्हाइस-चॅन्सलरच्या आसनावर पहिला भारतीय, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, बसण्यास १८९२ साल उजाडावे लागले; त्यांच्या मागून भांडारकर आले. स्त्रियांना मुंबईची दारे १८८३ साली मोकळी झाली, आणि १८८८ साली कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या. म्हणजे नियमाच्या एका ओळीने अर्ध्या समाजाला सव्वीस वर्षे उंबरठ्याबाहेर ठेवले होते. नियमाची ओळ हलकी नसते, ती अशी.

आपला नागपूर-वर्ध्याचा मुलूख तेव्हा ज्यात होता, त्या मध्यप्रांताची गोष्ट आणखी निराळी. त्याला स्वतःचे दारच नव्हते. नागपुरात १८८३ साली हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले खरे, पण पदवीची मोहोर कलकत्त्याची. पुढे १९०४चा विद्यापीठ कायदा आला, प्रत्येक विद्यापीठाची भौगोलिक हद्द आखली जाऊ लागली, आणि नागपूरची कॉलेजे अलाहाबादच्या हुकमतीखाली गेली. वर्धा जिल्ह्यातील मराठी मुलाने शिकावे नागपुरात आणि त्याच्या अभ्यासक्रमाचा निवाडा व्हावा गंगायमुनेच्या संगमावर, अशी ती व्यवस्था होती. याच कायद्याने फेलोंची तहहयात नेमणूक बंद करून पाच वर्षांची मुदत घातली आणि जुन्या तीन विद्यापीठांत वीस जागा निवडणुकीच्या केल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यास विरोध केला तो सरकारचा पंजा त्यात अधिक घट्ट होत होता म्हणून, आणि तो विरोध रास्तच होता. तथापि निवडणुकीचे बी पडले, हेही नाकारून चालणार नाही.

मायकेल सॅडलर यांच्या आयोगाने १९१९ साली विद्यापीठ हे केवळ परीक्षेचे कचेरीखाते नसून अध्यापनाचे स्थान असावे, असे प्रतिपादन केले. त्या विचाराच्या उजेडात नागपूर विद्यापीठाचा कायदा झाला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले. सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा संसार. सर बिपिन कृष्ण बोस पहिले व्हाइस-चॅन्सलर झाले. दार अखेर आपल्या भाषेच्या मुलखात आले! पुढे १९८३ साली अमरावतीचे आणि २०११ साली गडचिरोलीचे विद्यापीठ वेगळे निघाले, पण वर्धा जिल्हा नागपूरकडेच राहिला. हद्दीचा तो नियम आजही इतका सजीव आहे, की देवळीहून यवतमाळच्या रस्त्याने निघून वर्धा नदी ओलांडली की विद्यापीठ बदलते.

याच जिल्ह्यात दाखल्याकडे पाठ फिरविणारेही होऊन गेले. १९१६ साली इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा भावे सुरतेला उतरून काशीस गेले. तत्पूर्वी त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली होती. पुढे पवनारच्या धाम नदीकाठी त्यांनी जी विद्या दिली, तिला हजेरीपट नव्हता. हे मी आदराने सांगतो. पण चुलीत घालावयास आधी हाती प्रमाणपत्र असावे लागते, आणि ज्या घरात ते पहिल्यांदाच येणार असते, त्या घराला त्याची किंमत फार निराळी असते.

नावांचेही थोडे सांगितले पाहिजे. चॅन्सलरला आपण ‘कुलपती’ म्हणतो. दहा सहस्र मुनींना अन्न देऊन शिकवितो तो कुलपती, अशी संस्कृत परंपरेची व्याख्या. ‘शाकुंतला’तील कण्व असा कुलपती होता. आज हे पद राज्यपालांकडे असते. ‘कुलगुरू’ म्हटले की रघुकुळाचे वसिष्ठ आठवतात. आपल्या कायद्याने त्या पदास पाच वर्षांची मुदत घातली आहे. शब्द आश्रमातून आणले, अधिकार गव्हर्नराकडून वारशाने आले. मला या शब्दांचा अभिमान आहे, म्हणूनच अन्न आणि अध्यापन ही त्यांच्यातील मूळची जबाबदारी त्या खुर्च्यांना स्मरत राहावी असे वाटते.

२०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यावयाच्या दहा जागा आहेत. बोलोन्याचा तो जुना धागा येथे येऊन मिळतो, पण एका अटीवर: पदवीधराने आपले नाव स्वतः अर्ज करून नोंदविले पाहिजे. पदवी मिळाली तरी पुष्कळांना ते ठाऊकही नसते. गेल्या निवडणुकीच्या खेपेस आमच्या शेजारची एक मुलगी, तिच्या घराण्यातील पहिली पदवीधर, तो अर्ज घेऊन माझ्याकडे आली. “काकाजी, डिग्री तं भेटली, आता हे नाव अजून कायले नोंदवाचं?” असे तिने विचारले. मी तिला तहहयात फेलोंची गोष्ट सांगितली, कलकत्ता-अलाहाबादची सांगितली, आणि गावच्या ताम्रपटाचीही सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले, अर्जावर सही केली, आणि पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स किती प्रतींत लागेल आणि मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे माझ्याकडून लिहून घेतले.