येनाहून निघालेले भिंग

शाळेच्या किंवा घरच्या कपाटात 'झेनिट' नावाचा जड रशियन कॅमेरा पडून असेल, तर तो एकदा बाहेर काढून पाहावा. त्याचा पडदा बहुधा अडकलेला असेल, प्रकाशमापकाचा काटा हलत नसेल, आणि फिल्म मिळाली तरी ती धुऊन देणारा शोधावा लागेल. कॅमेरा म्हणून त्याचे आयुष्य संपल्यातच जमा आहे. पण त्याच्या तोंडावरचे भिंग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की सुटून हातात येते, आणि ते आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून चांगला फोटो काढता येतो. जगभर पुष्कळ छायाचित्रकार मुद्दाम हा उद्योग करतात. बहुतेक झेनिट कॅमेऱ्यांवर 'हेलिऑस-४४' हे भिंग असते. ते तिथवर आले कसे आणि इतक्या वर्षांनी नव्या यंत्रावर बसते कसे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या प्रकाशाच्या धड्यात सापडतात.

सुरुवात जर्मनीतल्या येना या गावात होते. कार्ल झाइस यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना, एर्न्स्ट ॲबे यांचे गणित आणि ऑटो शॉट यांनी १८८४ मध्ये उभारलेली काचेची प्रयोगशाळा, या तिघांच्या मेळातून भिंग बनवण्याच्या कारागिरीचे शास्त्र झाले. याच कारखान्यातल्या पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये 'प्लानार' नावाची रचना केली. मध्ये प्रकाश आत सोडणारे छिद्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखी मांडलेली तीन-तीन भिंगे, असे तिचे रूप होते. एका बाजूच्या भिंगांनी केलेला दोष दुसऱ्या बाजूची भिंगे बऱ्याच अंशी भरून काढतात, ही त्यामागची युक्ती. ही आकडेमोड त्या काळी लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर, एकेक किरण घेऊन हाताने करावी लागे.

रचना उत्तम होती, पण तिचा हवा तेवढा प्रसार झाला नाही. कारण पाहण्यासारखे आहे. सहापैकी काही भिंगे एकमेकांना चिकटवलेली असल्याने काच आणि हवा यांच्या सीमा एकूण आठ होत्या. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. (१.५ मधून १ वजा करा, १.५ मध्ये १ मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि वर्ग करा, ०.०४ येईल.) आठ सीमा ओलांडल्यावर उरतो ०.९६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ७२ टक्के. हरवलेला प्रकाश नुसता हरवला असता तरी चालले असते. त्यातला काही आतल्या आत इकडून तिकडे उड्या मारत शेवटी फिल्मवरच पसरतो आणि चित्र फिकट करतो.

यावरचा उपाय मुद्दाम शोधला जाण्याआधी अपघाताने दिसला होता. इंग्लंडमधील डेनिस टेलर यांच्या १८९० च्या दशकात लक्षात आले, की हवेने डागाळलेली जुनी भिंगे नव्या स्वच्छ भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात! डाग म्हणजे प्रत्यक्षात काचेवर तयार झालेला कमी अपवर्तनांकाचा पातळ थर होता. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये निर्वात पात्रात असा थर हेतुपुरस्सर चढवण्याची पद्धत काढली. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी ठेवली, तर थराच्या वरून आणि खालून परत येणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर जेमतेम १०० नॅनोमीटर जाड असतो. परावर्तन ४ वरून १ टक्क्यावर आले, तर आठ सीमांनंतर ९२ टक्के प्रकाश पोचतो. चाळीस वर्षे मागे पडलेल्या रचनेचे भाग्य यामुळे उजळले. जुन्या भिंगावर दिसणारी निळसर-जांभळी झाक ती हीच.

त्याच दशकात झाइसच्या विली मेर्टे यांनी याच घराण्यातले ५८ मिलिमीटर नाभीय अंतराचे 'बायोटार' भिंग ड्रेस्डेनच्या एक्झाक्टा कॅमेऱ्यासाठी तयार केले. आपले हेलिऑस हे त्याचेच अपत्य.

मग युद्ध संपले आणि येनाची वाटणी झाली. १९४५ च्या एप्रिलमध्ये तेथे अमेरिकी सैन्य आले. ठरलेल्या वाटपानुसार हा प्रदेश सोव्हिएत ताब्यात जायचा होता. तेव्हा जूनमध्ये निघताना अमेरिकनांनी झाइसचे प्रमुख शास्त्रज्ञ आणि अधिकारी पश्चिमेकडे नेले. तिकडे पुढे ओबरकोखेन येथे दुसरा झाइस कारखाना उभा राहिला. नंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी यंत्रसामग्री उचलली, आणि १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये येनातील तज्ज्ञांचा मोठा गट कुटुंबांसह सोव्हिएत संघात हलवला. मेर्टे अमेरिकेत गेले आणि १९४८ मध्ये तेथेच वारले. युद्धात सोने, चित्रे लुटली जातात हे आपण इतिहासात शिकवतो. येथे लुटीचा माल म्हणजे काचेचे ज्ञान होते, आणि ते ज्यांच्या डोक्यात होते ती माणसेही.

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात बायोटारची रचना सोव्हिएत काचेसाठी पुन्हा गणित करून बसवण्यात आली. काच बदलली की अपवर्तनांक बदलतो, आणि मग प्रत्येक वक्रता नव्याने काढावी लागते. म्हणून हेलिऑसला निव्वळ नक्कल म्हणणे आम्हाला पटत नाही. १९५८ च्या 'स्टार्ट' कॅमेऱ्यावर ते आले, पुढे झेनिटवर गेले. एकट्या झेनिट-ई या प्रकारचे ३० लाखांहून अधिक कॅमेरे निघाले. जगात इतकी हेलिऑस भिंगे आजही सापडतात ती त्यामुळेच.

आता नव्या कॅमेऱ्यावर बसण्याचा प्रश्न. या भिंगाच्या मागे ४२ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा साधा स्क्रू आहे. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या कॅमेऱ्यांवर आलेली ही पद्धत पुढे जपानपर्यंत पसरली. स्क्रूइतकेच महत्त्वाचे आहे ते भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर: ४५.४६ मिलिमीटर. मध्ये आरसा हलायला जागा हवी म्हणून ते एवढे ठेवलेले असते. निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यात हेच अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. म्हणजे तेथे हेलिऑस निदान १.०४ मिलिमीटर पुढे सरकून बसणार. एवढ्याने काय बिघडते, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. नाभीय अंतर ५८, प्रतिमेचे अंतर ५९.०४, भिंगाच्या सूत्रात घालून वस्तूचे अंतर साधारण ३,२९० मिलिमीटर येते. सव्वातीन मीटरच्या पलीकडचे काही स्पष्ट दिसणारच नाही! वर्गाचा फोटो निघेल, मैदानाचा नाही.

२००८ पासून आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस, कॅमेरे आले आणि ही अडचण संपली. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर आहे. ४५.४६ मधून १८ गेले, उरले २७.४६. तेवढ्या लांबीची, आत काच नसलेली धातूची नळी मध्ये बसवली की काम झाले. संवेदकावर उमटणारे चित्र पडद्यावर मोठे करून पाहता येते, त्यामुळे हाताने फोकस करणेही सोपे झाले. संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असेल तर चित्राचा फक्त मधला भाग मिळतो; भिंगाचे नाभीय अंतर मात्र ५८ चे ५८ राहते.

मग आजचे नवे भिंग सोडून हे का वापरायचे? मोजमापाने पाहिले तर नवे भिंग सरस आहे. कडांपर्यंत स्पष्टता, सूर्य समोर असतानाही गडद रंग, आपोआप फोकस हे सारे त्यात आहे. जुन्या भिंगाला 'आत्मा' असतो वगैरे बोलण्यावर आमचा विश्वास नाही. हेलिऑसला दोष आहेत, आणि लोकांना त्यातला एक दोष आवडतो. पूर्ण उघडलेल्या छिद्रातून झाडापुढे उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला, तर मागच्या पानांतले प्रकाशाचे ठिपके भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. कडेने तिरपे येणारे किरण नळीच्या पुढच्या आणि मागच्या कडांनी छाटले जातात. त्यामुळे मध्यावर गोल असलेला ठिपका कडेला मांजराच्या डोळ्यासारखा लांबट होतो, आणि असे सगळे डोळे केंद्राभोवती वर्तुळात मांडले जातात. भिंग समोर धरून हळूहळू तिरपे करत आरपार पाहिले, तर हे छाटणे नुसत्या डोळ्यांनी दिसते. नव्या भिंगांतही हे छाटणे थोडेफार असतेच.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हेलिऑसचे कडे फिरवले की आतल्या आट्यांवर भिंग खरोखर पुढे सरकते. आजच्या अनेक भिंगांत कड्याचा आणि काचेचा थेट संबंध नसतो. कडे केवळ संदेश देते आणि मोटर काच हलवते. वीज नसेल, किंवा कॅमेऱ्याची आणि भिंगाची भाषा जुळत नसेल, तर ती जागची हलत नाही. पन्नास वर्षांनी ही भाषा बोलणारे यंत्र शिल्लक असेल का?

विकत घ्यायचेच असेल तर आधी भिंगातून विजेरीचा प्रकाश सोडून पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशीचे जाळे धरते, आणि फार दिवस राहिली तर ती काचेवरचा थर खाते. अशी भिंगे कातडी पाकिटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावीत.

आणि कॅमेरा नसला तरी एक प्रयोग वर्गात होतो. भिंगाचे अंतराचे कडे अनंताच्या खुणेवर आणावे, छिद्र पूर्ण उघडावे. भिंगाचे तोंड खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाकडे ठेवून मागे पांढरा कागद धरावा, आणि कागद पुढेमागे करून झाडाची उलटी प्रतिमा रेखीव करावी. मग आटे जेथे संपतात त्या कडेपासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. साडेपंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास येईल. नंतर कडे अर्ध्या मीटरच्या खुणेवर फिरवून, कागद न हलवता, झाडाऐवजी कागदापासून अर्ध्या मीटरवर पेटती मेणबत्ती ठेवून पाहावी.