‘आईदा’चं कूळ

इजिप्तचा सेनापती शत्रुपक्षाच्या राजकन्येवर जीव लावतो आणि शेवटी दोघंही जिवंतपणी एकाच थडग्यात बंद होतात. एल्टन जॉन आणि टिम राइस यांच्या ‘आईदा’ या म्युझिकलची ही गोष्ट पिरॅमिडांइतकी जुनी वाटते. प्रत्यक्षात तिचं वय जेमतेम दीडशे वर्षं!

ती रचली ओग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने. इजिप्तचा खेदिव इस्माइल याला कैरोच्या नव्या ऑपेरागृहासाठी इजिप्तवरचाच ऑपेरा हवा होता. सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी ‘आईदा’ लिहिली गेली असं सर्रास सांगतात, त्यात तथ्य नाही. १८६९ साली ऑपेरागृह उघडलं ते इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ने. मारिएतचं कथानक कामीय द्यु लोक्लने फ्रेंच गद्यात फुलवलं, गिस्लान्झोनीने इटालियन पद्यात बांधलं आणि दीड लाख फ्रँक ठरवून घेऊन व्हेर्दीने संगीत दिलं.

नेपथ्य आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार होत होते. फारोच्या दरबाराचा दागिनान् दागिना बरोबर उतरावा म्हणून मारिएत जातीने तिथे हजर. तेवढ्यात १८७०च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी शहराला वेढा घातला. दरबार अडकला, मारिएतही अडकला. जानेवारीत ठरलेला पहिला प्रयोग व्हायला २४ डिसेंबर १८७१ उजाडला. व्हेर्दी काही कैरोला गेला नाही.

पुढची उडी लांबची. लिओंटाइन प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने आईदाची भूमिका गाजवली, १९८५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा निरोपही त्याच भूमिकेत घेतला. १९९०मध्ये तिने ही कथा मुलांसाठी लिहिली. डिस्नीने उचलली ती हीच, आणि तिचंच पुढे हे म्युझिकल झालं. माझ्या मते या वंशावळीतला खरा सांधा व्हेर्दी नव्हे, प्राइस.

रंगमंचावर मात्र दैव आडवं येत राहिलं. १९९८ साली अटलांटात यांत्रिक पिरॅमिड वारंवार बंद पडला. पुढच्या वर्षी शिकागोत प्रयोग चालू असताना अधांतरी टांगलेलं थडगंच आतल्या नायक-नायिकेसह कोसळलं. सुदैवाने दुखापती किरकोळ होत्या. मार्च २०००मध्ये नाटक ब्रॉडवेवर आलं, तेव्हा मूळ ऑपेरातल्या इथिओपियाच्या जागी नुबिया होता, आणि शेवटी प्रेमिकांची आजच्या काळातल्या संग्रहालयात पुन्हा गाठ पडत होती. ऑपेराने त्यांना एवढी सवलत दिली नव्हती. सर्वोत्तम म्युझिकलच्या टोनी पुरस्कारासाठी त्याला साधं नामांकनही नव्हतं. संगीताच्या टोनीसह चार टोनी मात्र मिळाले. प्रयोग झाले १,८५२.