व्यवसायकराची कुळकथा

कल्याण-डोंबिवलीच्या पगारदार गृहस्थास आयकराचे टप्पे मुखोद्गत असतात; परंतु त्याच वेतनपत्रकात एका कोपऱ्यात दरमहा 200 रुपयांची आणि फेब्रुवारीत 300 रुपयांची जी कपात दिसते, ती कोणाच्या कारणी लागावयाची म्हणून सुरू झाली, हे त्यास बहुधा ठाऊक नसते. हा व्यवसायकर. 2024 साली स्त्रियांस दरमहा 1500 रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना निघाल्यापासून ‘आमच्या करावर इतरांनी जगावे काय?’ हा प्रश्न लोकलच्या डब्यातही ऐकू येतो. प्रश्न अयोग्य नाही. मात्र त्याचे एक उत्तर ह्याच प्रांताने अर्धशतकापूर्वी देऊन ठेवले आहे, त्याचे स्मरण वाचकांस करून द्यावे असे आम्हांस वाटते.

1876 ते 1878 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल ह्यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. काम दूर ठेवावे, मजुरी तुटपुंजी द्यावी, म्हणजे जो खरोखर उपाशी तोच येईल, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. मुंबई इलाख्यात 1877 साली मजुरांनी अशा कामांवर जाण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावल्या झाल्या खऱ्या. परंतु दुष्काळ जाहीर करणे सरकारच्याच हाती राहिले. सुकाळातली भूक कोणत्याच नियमावलीत बसत नव्हती.

ती भूक ठाणे जिल्ह्यात बारमाही होती. आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असलेल्या टिटवाळ्यास जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद भरली, तेव्हा उंबरगाव-डहाणूकडील वारली तेथे आले होते. परतल्यावर त्यांनी वेठ नाकारली आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या साथीने गवतकापणीस वाजवी दर मागितला. ऑक्टोबरात तलवाड्यास त्यांच्यावर गोळीबार झाला. मागणी काय, तर केलेल्या कामाचे दाम! ह्यास आळशांची चळवळ म्हणावयाचे असेल तर शब्दांचे अर्थच बदलावे लागतील.

सरकारी बाजूने ह्या प्रश्नास हात घालणारा गृहस्थ निघाला तो विधानपरिषदेचा सभापती. वि. स. पागे ह्यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1965 साली प्रयोग आरंभिला. त्यांची कल्पना साधी होती: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते मिळालेच पाहिजे. पुढे 1972 चा दुष्काळ आला आणि 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लक्ष माणसे कामांवर होती. एवढ्या माणसांस काम देता येते हे ह्याने सिद्ध केले. आता प्रश्न उरला पैशाचा. तो 1975 च्या व्यवसायकराने सोडविला. शहरातील नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी ह्यांनी जे द्यावयाचे, तेवढीच भर राज्याने आपल्या खजिन्यातून घालावयाची, अशी रचना झाली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणीपासून 15 दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता. टेम्पलसाहेबांची कसोटी येथे उलटली: परीक्षा मजुराच्या भुकेची नव्हे, सरकारच्या शब्दाची होऊ लागली.

योजनेत दोष नव्हते असे कोण म्हणेल? बांधबंदिस्ती व पाझर तलाव ह्यांचा लाभ ज्याची जमीन त्यास अधिक झाला आणि खणणारा भूमिहीन तसाच राहिला, हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. हजेरीपटावरील खोट्या नावांचा बोभाटाही पुष्कळ झाला. 1988 साली मजुरी किमान वेतनाच्या कायद्याप्रमाणे दुप्पट झाली, तेव्हा एक विपरीतच घडले: दर वाढला व कामे आटली. हमीचे शब्द तेच राहिले. मात्र मागेल त्यास काम ही गोष्ट हळूहळू ‘निघेल तेव्हा काम’ अशी झाली. 2005 साली केंद्राने वर्षास 100 दिवसांच्या हमीचा कायदा केला, तो महाराष्ट्राचाच कित्ता पुढे ठेवून.

हातात थेट रोकड देणे आणि काम देणे ह्यांत श्रेष्ठ कोणते, ह्यावर विद्वानांचे मतैक्य नाही. आमचा कल कामाकडे आहे, कारण त्यातून रस्ता, तळे, काहीतरी उरते. परंतु म्हातारी, आजारी वा लेकुरवाळी बाई ह्यांच्या हाती कुदळ देऊन प्रश्न सुटत नाही, हेही तितकेच खरे.

मुरबाड-शहापूरकडील कातकऱ्याच्या दृष्टीने ह्या चर्चेचा निकाल दिवाळीनंतरच्या थोड्या दिवसांत लागतो. भातकापणी संपते, घरातले धान्य सरत येते. गावाजवळ काम निघाले तर तो थांबतो. न निघाले तर वीटभट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते. मग बायकामुलांसह बिऱ्हाड उचलून तो कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवर येतो, पावसाळ्यापर्यंत तेथेच राहतो, आणि हिशेबाच्या दिवशी उचल फिटली की नाही हे मालकाच्या वहीवरून त्यास कळते.