चिखल, चाक आणि पडदा

चाकामागें वीतभर रबराचा पडदा लोंबत असावा कीं नसावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. मालमोटारीच्या बाबतींत तो कोणी विचारीतहि नाहीं. परंतु १९६२ सालीं इंग्लंडांत निघालेल्या एम. जी. बी. सारखी डौलदार जुनी स्पोर्ट्स मोटार ज्याच्या पदरीं आहे, त्याला हा प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं. पडदा लावावा तर रूप बिघडतें. न लावावा तर पत्रा सडतो. या तंट्याचा निवाडा करण्यापूर्वी चिखल आणि चाक यांच्या वैराचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

हें वैर मोटारीहून जुनें आहे. युरोपांतील घोडागाड्यांना हांकणाऱ्याच्या पायांपुढें एक उभी फळी बसवीत. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल आंत येऊं नये, एवढेंच तिचें काम. घोडा गेला, पण नांव राहिलें. मोटार हांकणाऱ्याच्या समोर वेग दाखविणारें घड्याळ ज्या पाटीवर असतें, तिला डॅशबोर्ड म्हणतात. तें नांव मूळ या चिखलाच्या फळीचेंच होय.

मोटारीच्या चाकांवर मडगार्ड आले तेहि याच कारणानें. निव्वळ शर्यतीसाठीं बांधलेल्या मोटारींनीं वजन वांचविण्याकरितां ते टाकून दिले. स्पोर्ट्स मोटारीला मात्र सडकेवरहि चालावयाचें असे. १९२३ सालीं फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हां तींत उतरणाऱ्या गाड्यांना दिवे आणि मडगार्ड असलेच पाहिजेत, असा दंडक होता. चिखल अडविण्याची सोय ही स्पोर्ट्स मोटारीच्या कुळाचीच खूण आहे, असें म्हणण्यास यावरून हरकत नाहीं.

ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढींतून एम. जी. मोटारींचा उगम झाला. सेसिल किंबर यांच्या देखरेखीखालीं वाढलेला हा कारखाना १९२९ सालीं जवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं गेला. त्या काळच्या छोट्या मिजेट गाडीचे मडगार्ड सायकलच्या मडगार्डसारखे साधे होते. १९४५ ते १९४९ या काळांत निघालेल्या टी. सी. गाडीचे पुढचे मडगार्ड लांब उतरत जाऊन पायरीच्या फळीला मिळत. चाकानें उडविलेला खडा त्यांनाच लागे. आणि ते वांकले किंवा गंजले तर बोल्ट सोडवून दुसरे बसवितां येत. गाडीवरचा घाव ते आपल्या अंगावर घेत.

पुढें ही व्यवस्था मोडली. १९५५ च्या एम. जी. ए. मध्यें मडगार्ड गाडीच्या अंगाशीं मिसळून गेले; तरी खालीं लोखंडी सांगाडा वेगळा होता. १९६२ च्या एम. जी. बी. मध्यें तो सांगाडाहि गेला व पत्र्याचें अंग हाच सांगाडा झाला. दाराखालीं पोकळ पेटीसारखा जो पट्टा असतो, त्यावर गाडीच्या बळकटीचा मोठा भार येऊन पडला. आणि पुढच्या चाकांतून सुटणाऱ्या खड्यांचा मारा नेमका तेथेंच बसतो. खडा लागला कीं रंगाचा टवका उडतो, ओल पत्र्यापर्यंत पोंचते, आणि बर्फ वितळविण्यासाठीं हिंवाळ्यांत रस्त्यावर टाकलेलें मीठ गंजाची घाई करतें. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० सालीं बंद झाला. पुढें १९८८ सालीं ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें एम. जी. बी. चें संपूर्ण पत्र्याचें अंग पुन्हा बनवून विकावयास काढलें. गंजानें किती गाड्या खाल्ल्या असतील, याची याहून बोलकी साक्ष कोणती?

पडद्याच्या विरुद्ध बाजूचें म्हणणेंहि पोकळ नाहीं. पडदा बसविण्यासाठीं पत्र्याला भोकें पाडलीं तर प्रत्येक भोकाची कड हें गंजाचें नवें दार होतें. पडदा आणि पत्रा यांच्या फटींत ओला चिखल साठून राहिला, तर ज्यासाठीं हा खटाटोप केला तोच रोग घरांत येतो. शिवाय कारागिरानें आंखलेली रेषा चाकामागें तुटते, आणि प्रदर्शनांत अस्सलपणा तपासणारे परीक्षक नाक मुरडतात, तें वेगळेंच.

तेव्हां निवाडा गाडीच्या उपयोगावरून करणें हेंच न्याय्य. जी गाडी छपराखालीं राहून कोरड्या दिवशींच बाहेर पडते, तिला पडद्याची गरज नाहीं. जी पावसांत आणि खडीच्या रस्त्यावर धांवते, तिला तो अवश्य लावावा. मात्र शक्यतों भोक न पाडतां मडगार्डच्या आंतल्या कडेला चिमट्यानें धरवावा. भोक पाडणें अटळच असेल, तर त्याच्या कडेला रंग व मेण भरावें. सुकाणूं पुरतें वळविलें असतां पडदा चाकाला लागूं नये, आणि रस्त्यावरहि घांसूं नये. चिखलाच्या प्रवासानंतर त्याच्यामागची जागा धुवून कोरडी करावी. मागून येणाऱ्याच्या कांचेवर दगड उडूं नये, हाहि सडकेवरचा एक धर्म आहे. त्यांत जुन्या गाडीला सवलत नाहीं.

रूपाचा लोभ धरणाऱ्यानें एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं चार बोल्ट सोडविले कीं पडदा निघतो आणि गाडी पूर्ववत् दिसूं लागते. आंतून सडलेला पट्टा मात्र कापूनच काढावा लागतो.